जुन्या लाकडी खेळण्याची डागडुजी आणि चित्रांचे रंगकाम

हाताने घडवलेल्या लाकडी खेळण्यात तीन थर असतात. आत लाकूड, त्यावर अस्तर आणि सर्वांत वर रंग व लाख. महाराष्ट्रात या कामाचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे सावंतवाडीची खेळणी. तिथल्या चितारआळीत चितारी समाजाचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ठकी (लाकडी बाहुली), पाळणे, भोवरे, भातुकलीची चूल-बोळकी, जाते, पोळपाट-लाटणे आणि खरी वाटावीत अशी लाकडी फळे घडवत आले आहेत. मुंबईच्या उपनगरांत स्थायिक झालेल्या अनेक कोकणी घरांत अशी एखादी ठकी किंवा भातुकलीची पेटी पोटमाळ्यावर जपून ठेवलेली असते. आजीचे ते खेळणे नातीच्या हाती द्यायची वेळ येते तेव्हा रंगाचे पोपडे सुटलेले असतात, एखादा हात निखळलेला असतो, लाकडाला भेग गेलेली असते. हे सारे दुरुस्त करता येते. मात्र नवा रंग फासण्याची घाई केली, तर जपलेली वस्तूच हरवते.

खेळणे घडते कसे हे कळले की ते बिघडते कसे हेही कळते. सावंतवाडीत पूर्वी पांगाऱ्याचे मऊ, हलके लाकूड वापरत. पुढे आंब्याचे लाकूडही रुळले. लाकूड वाळवून, कातून किंवा कोरून आकार दिला जातो. चिंचोक्यांच्या खळीत खडूची पूड कालवून त्याचा हात दिला की लाकडाची छिद्रे बुजतात आणि रंगाला गुळगुळीत पांढरी जमीन मिळते. तिच्यावर रंगकाम, आणि रंगावर लाखेचा पारदर्शक थर. काही वस्तूंवर लाख वेगळ्या रीतीने चढते. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर पसरते.

या प्रत्येक थराचे दुखणे वेगळे. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात त्याच्या वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी असते. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की ते १८ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. पाणी वाढले की लाकूड रेषांना आडव्या दिशेने फुगते, लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. मुंबईच्या उपनगरांत जून ते सप्टेंबर सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पवईत तर शेजारी तलाव आणि झाडीने भरलेल्या टेकड्या आहेत. अशा हवेतून खेळणे वातानुकूलित खोलीत गेले आणि पुन्हा बाहेर आले, की लाकूड फुगते-आकसते. वरचे कडक अस्तर त्याच्याबरोबर हलू शकत नाही. ते तडकते आणि रंगासकट सुटते. चिंचोक्याची खळ पाण्याने मऊ होते, म्हणून ओल्या फडक्याने पुसलेले खेळणे अस्तरासह निघून येऊ शकते. लाख दमट हवेत दुधाळ पडते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. जुन्या खेळण्याला स्पिरिट किंवा थिनर लावू नये, ते यामुळेच.

दुरुस्तीची सुरुवात छायाचित्रांनी करावी. चारही बाजूंनी, वरून आणि तळातून फोटो घ्यावेत. कुठला रंग गेला, कुठे भेग आहे, पूर्वी कुणी काय चिकटवले आहे, हे लिहून ठेवावे. मग कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढावी. पोपडे सुटलेल्या जागी ब्रशही लावू नये. चिकट मळ निघत नसेल तर कापसाच्या बोळ्याला जेमतेम ओल देऊन, न दिसणाऱ्या जागी आधी चाचणी घ्यावी. बोळ्यावर रंग उतरला तर पाण्याचा नाद सोडावा.

लाकडात बारीक गोल भोके आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली, तर आत कीड जिवंत असण्याची शक्यता असते. औषध ओतण्यापेक्षा थंडीचा उपाय रंगाला सुरक्षित आहे. खेळणे पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंश सेल्सिअसला साधारण दोन आठवडे ठेवतात. नंतर ते सामान्य तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडत नाहीत, नाहीतर थंड पृष्ठभागावर पाणी धरते. रंग सैल झालेल्या खेळण्यावर मात्र हा प्रयोग जाणकाराला विचारूनच करावा.

सुटलेला पोपडा फेकायचा नसतो. पातळ, कोमट सरस बारीक ब्रशने त्याच्या कडेखाली सोडावा आणि पोपडा हलक्या हाताने दाबून बसवावा. निखळलेला हात जोडायलाही सरस चांगला, कारण कोमट पाण्याने तो पुन्हा सोडवता येतो. फेव्हिकॉलसारखा डिंक मजबूत असतो. मुलांनी रोज खेळायच्या वस्तूला ती मजबुती उपयोगी पडते. पण जोड पुढे कधी उघडायचा झाला तर सांध्याऐवजी लाकूडच तुटू शकते. जगभरचे संवर्धक एक नियम पाळतात: शक्य तितके कमी करावे आणि केलेले काम पुढच्या पिढीला काढता येईल असे करावे.

रंग उडालेल्या जागी खडू आणि सरसाचे पूरण भरून ते सपाट करतात. रंग फक्त या पूरणावर लावायचा, शेजारच्या मूळ रंगावर एक थेंबही जाऊ द्यायचा नाही. १९३९ मध्ये रोम येथे स्थापन झालेल्या केंद्रीय संवर्धन संस्थेत चेझारे ब्रांदी यांनी यासाठी एक युक्ती रूढ केली. गेलेली जागा सलग रंगाने न भरता बारीक उभ्या रेषांनी भरायची. दुरून चित्र अखंड दिसते, जवळून पाहणाऱ्याला नवे काय ते कळते. ठकीच्या लुगड्याच्या काठावर ही रीत छान जमते. लाल काठातला तुकडा गेला असेल तर मूळ लालपेक्षा किंचित फिकट जलरंगाच्या रेषा एकाशेजारी एक ओढाव्यात, वाळू द्याव्यात, मग वरून दुसऱ्या छटेच्या रेषा. फिकट बाजूने सुरुवात केली तर गडद करता येते. एकदम गडद लागलेला रंग परत फिरवता येत नाही. ठकीचा चेहरा मूळ कारागिराने दोन-चार फटकाऱ्यांत रेखलेला असतो. त्या भुवया आणि डोळे पुसट झाले असले तरी तसेच ठेवावेत, कारण त्या कारागिराचा हात सर्वांत स्पष्ट तिथेच दिसतो.

जुन्या रंगाचा आणखी एक विचार करावा लागतो, तो शिशाचा. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० पर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगांत शिसे असू शकते. जुन्या भारतीय चित्रकामातल्या हरताळात आर्सेनिक आणि हिंगुळात पारा असतो. त्यामुळे जुने खेळणे पॉलिश पेपरने कोरडे घासू नये. ती धूळ श्वासावाटे आणि बोटांवाटे शरीरात जाते. असे खेळणे तोंडात वस्तू घालण्याच्या वयाच्या मुलाला देऊ नये, काचेच्या कपाटात ठेवावे. खेळण्यासाठी त्याच घडणीचे नवे आणावे. १ जानेवारी २०२१ पासून देशात खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश लागू आहे आणि कारखान्यातल्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे; हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट दिली आहे. म्हणून हस्तकलेचे खेळणे घेताना रंग कोणता वापरला, हे विचारून घ्यावे.

छोट्या चित्रांचे रंगकाम हा याच्या जवळचा पण उलट वृत्तीचा छंद. दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची किंवा प्लास्टरची चित्रे, म्हणजे मावळे, तोफा, सिंहासनावरचे शिवाजी महाराज, अनेक मुलांच्या हातात ब्रश पहिल्यांदा देतात. मोठ्यांच्या छंदात रेझिन, प्लास्टिक आणि धातूचे पुतळे येतात. त्यांतले ५४ मिलिमीटर उंचीचे माप जुने व लोकप्रिय, साधारण १:३२ प्रमाणाचे. इथे मूळ रंग जपायचा नसतो, सगळा निर्णय रंगवणाऱ्याचा.

रेझिन-प्लास्टिकचा पुतळा आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुवावा, कारण साच्यातला तेलकटपणा रंग धरू देत नाही. माती व प्लास्टर रंग शोषतात, त्यांना आधी प्रायमर लागतो. ॲक्रिलिक रंग पाण्याने पातळ करून दोन-तीन हात द्यावेत. एकच जाड हात दिला तर अंगरख्याच्या चुण्या बुजतात. एवढ्याशा आकृतीवर उजेड-सावली आपोआप उठून दिसत नाही, ती रंगवावी लागते. चुण्यांच्या खोबणीत गडद पातळ रंग सोडायचा, तो आपोआप खोलात जमतो. मग जवळजवळ कोरडा ब्रश फिकट रंगात बुडवून पुसून घ्यायचा आणि मुंडाशाच्या कडांवर, शेल्याच्या घड्यांवर फिरवायचा. उजेड वरून येतो असे धरून खांदे, नाक आणि कपाळ फिकट, हनुवटीखालचा भाग गडद ठेवावा.

डोळे शेवटी. गणेशमूर्तींच्या कारखान्यांतही डोळ्यांची आखणी शेवटी आणि अनुभवी हाताकडे असते. शुभ्र पांढऱ्याऐवजी किंचित मळकट पांढरा घ्यावा, वरच्या पापणीखाली बारीक तपकिरी रेष ओढावी आणि बुबुळ वरच्या-खालच्या पापण्यांना टेकेल असे काढावे; मध्येच सुटलेले बुबुळ मावळ्याला दचकलेला दाखवते. पावसाळ्यात पवईसारख्या दमट ठिकाणी स्प्रेचे वार्निश पांढुरके पडते. त्यापेक्षा ब्रशने लावायचे पाण्यातले वार्निश बरे, नाहीतर पाऊस उघडेपर्यंत थांबावे.

शिकण्यासाठी मुंबईतच दोन ठिकाणे उपयोगी आहेत. पवईच्या आयआयटीत १९६९ मध्ये सुरू झालेले औद्योगिक अभिकल्प केंद्र, म्हणजेच आयडीसी, देशातल्या जुन्या अभिकल्प संस्थांपैकी एक आहे. तिथल्या ‘डी-सोर्स’ प्रकल्पात भारतीय हस्तकलांच्या कृती टप्प्याटप्प्याने, छायाचित्रांसह नोंदवल्या आहेत. फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे कलासंवर्धन केंद्र आहे. मूळ कारागिरी पाहायची तर सावंतवाडी गाठावी. तिथल्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात वृद्ध कारागिरांकडून शिकून गंजिफा पत्त्यांची कला व लाखकाम पुन्हा उभे केले. दशावतारी गंजिफाची १२० गोल पाने आजही राजवाड्यात हाताने रंगवली जातात.

दुरुस्त झालेले खेळणे उन्हापासून दूर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता ठेवावे आणि ते एसीच्या थेट झोतात येऊ देऊ नये. त्याच्यासोबत एक कागद ठेवावा: खेळणे कुणाचे, कुठून आणले, काय दुरुस्त केले, कोणता डिंक आणि रंग वापरला. पुढे ज्याच्या हाती ते जाईल, त्याला मूळचे कोणते आणि नंतरचे कोणते हे त्या कागदावरून कळेल.