नकाशात थंड, आत भट्टी: नागापूर एमआयडीसीच्या पत्र्याखालची गोष्ट

उपग्रहाच्या नकाशांवरचा मागचा भाग ऐकून बऱ्याच जणांचा मेसेज आला की "ताई, ऐकताना समजलं, पण बँड, पिक्सेल वगैरे डोक्यावरून गेलं, लिहून टाक." म्हणून हा भाग लिहून टाकतेय. बोलले तसंच ठेवलंय, फक्त जिथे मी तीनदा अडखळले ते काढलंय.

मी नागापूरची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नगर शहरातून मनमाड रोडने निघालात की सीना नदीचा पूल लागतो, तिथे आमचं गाव आणि पुढे एमआयडीसी. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण बोलताना तोंडात अजून नगरच येतं, तेवढं सांभाळून घ्या. बीटेक केलं, आता पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करते. पप्पा पंचवीस वर्षं एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर आहेत. ही गोष्ट त्यांच्या शेडची आहे.

झालं असं, की एप्रिलमध्ये आम्ही काही मित्रमैत्रिणींनी वर्गणी काढून थोड्या शेड्सच्या छतांना पांढरा रंग द्यायचं ठरवलं. पांढरं छत ऊन परत फेकतं आणि आत जरा कमी तापतं, हे काही नवीन नाही. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे तिथे वस्त्यांमधल्या छतांना पांढरा रंग द्यायचं कामही झालं. आमच्याकडे पैसे होते मोजून दहा शेड्सपुरते. कोणत्या दहा? मी म्हटलं, यात भांडण कशाला, उपग्रहाला विचारू. सॉफ्टवेअरवाल्यांना हा आजारच असतो.

आता उपग्रह तापमान कसं "बघतो" ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

प्रत्येक गरम वस्तू डोळ्यांना न दिसणारे किरण सोडते. तव्यापासून हात चार बोटं लांब धरला तरी झळ लागते ना? तेच. वस्तू जितकी गरम तितके किरण जास्त. लँडसॅट ८ आणि लँडसॅट ९ हे अमेरिकेचे उपग्रह ७०५ किलोमीटर उंचीवरून हे किरण मोजतात. एक २०१३ मध्ये वर गेला, दुसरा २०२१ मध्ये. प्रत्येकाची फेरी १६ दिवसांची आहे, पण दोघांच्या वेळा अशा लावल्यात की एकच जागा दर आठ दिवसांनी दिसते. युरोपचा सेंटिनेल-२ जास्त बारीक फोटो काढतो, १० मीटरचा पिक्सेल, पण त्याच्यावर तापमान मोजणारा कॅमेराच नाही. त्यामुळे उष्णतेसाठी आपल्याला लँडसॅटकडेच जावं लागतं.

या मालिकेतला पहिला उपग्रह गेला तो जुलै १९७२ मध्ये. बहात्तर म्हटलं की आमच्या आजीला दुष्काळ आठवतो, सुकडी आठवते, खडी फोडायची कामं आठवतात. तिला मी सांगितलं की त्याच वर्षी पहिल्यांदा वरून जमिनीचे असे नियमित फोटो काढायला सुरुवात झाली. ती म्हणाली, "मग पाऊस कुठं गेला ते दिसलं का त्यांना?" असो.

२००८ पासून लँडसॅटचा सगळा डेटा फुकट आहे. गुगल अर्थ इंजिनवर शिक्षण आणि संशोधनासाठी खातं उघडलं की तीस-चाळीस ओळींच्या कोडमध्ये आख्ख्या तालुक्याचा नकाशा निघतो. मी एप्रिल-मेच्या ढग नसलेल्या तारखा घेतल्या, जमिनीचं तापमान काढलं, लाल म्हणजे गरम आणि निळं म्हणजे थंड असे रंग दिले, आणि स्क्रीनकडे बघत बसले.

पहिला धक्का असा की सगळ्यात लाल शहर नव्हतंच. लाल होती शेतं. शहराभोवतीची मोकळी काळी रानं भडक लाल, आणि नगर शहर त्यामानाने फिकं. मला वाटलं कोड चुकला. पण विचार करा, रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चपर्यंत निघून जाते. एप्रिलमध्ये रान उघडं, कोरडं, वर काळी माती. ओल नाही म्हणजे घाम नाही. झाड पानांतून पाणी सोडतं आणि थंड राहतं, तसं कोरड्या मातीला जमत नाही. शहरात निदान नळाचं पाणी येतं, बागा आहेत, झाडं आहेत. आयआयटी गांधीनगरच्या संशोधकांनी २०१७ साली भारतातल्या शहरांचा असाच अभ्यास केला होता आणि त्यांनाही हेच दिसलं: उन्हाळ्यात दिवसा बऱ्याच शहरांची जमीन आजूबाजूच्या उघड्या रानापेक्षा थंड असते. राहुरीकडे मुळा धरणाच्या कालव्यावरचा ऊस याच नकाशात गार निळा पट्टा दिसतो. त्यामुळे "शहर म्हणजे गरम, गाव म्हणजे थंड" हे पुस्तकातलं वाक्य आपल्या दख्खनच्या पठारावर भर उन्हात उलटं पडू शकतं.

रात्री मात्र चित्र फिरतं. मोडिस नावाचा कॅमेरा रात्रीचंही मोजतो, पिक्सेल मोठा, एक किलोमीटरचा, त्यात शेड वगैरे दिसत नाही. पण रान लवकर निवतं आणि काँक्रीट निवत नाही, एवढं त्यात नीट कळतं.

दुसरा धक्का एमआयडीसीचा. तिथे लाल आणि निळ्याची गोधडी होती. काही शेड्स लाल, काही निळ्या. आणि पप्पांची अख्खी लाईन निळी. म्हणजे माझ्या यादीत त्यांचा नंबर पहिल्या दहात सोडा, शेवटून दहात.

रात्री जेवताना मोबाईलवर त्यांना दाखवलं. पप्पांनी चष्मा वर केला, झूम केलं, परत झूम केलं. मग म्हणाले, "अगं, हे निळं म्हणजे गार ना? मंग आम्ही एसीत बसतो का काय?"

मी बोलायला सुरुवात केली की पप्पा, हे १०० मीटरचं मोजमाप आहे, सरासरी असते, वगैरे. ते ऐकत होते, पण चेहरा काही बदलत नव्हता. शेवटी म्हणाले, "उद्या दुपारी ये शेडमध्ये. तुझा उपग्रह घेऊन ये."

उपग्रह नाही, पण कोरोनात घेतलेल्यासारखीच एक तापमान मोजायची गन घेऊन गेले, फक्त ही कारखान्यात वापरतात ती. दुपारी अडीच वाजता. आत शिरल्या शिरल्या चष्म्यावर घाम. पत्र्याला खालून गन मारली, आकडा आला ४५. मी जरा खूश, म्हटलं बघा, फार नाहीये. पप्पांनी काही न बोलता हात वर करून पत्र्याजवळ नेला आणि लगेच काढला. मग शेजारी काम करणाऱ्या काकांनी वायरिंगची काळी चिकटपट्टी दिली. "ह्याच्यावर मारून बघ. चकचकीत मालावर ती गन खोटं बोलती." पट्टी पत्र्याला चिकटवली, पाच मिनिटं थांबले, पट्टीवर गन मारली. ५८.

तोच पत्रा, दोन बोटांच्या अंतरावर, १३ अंशांचा फरक.

बीटेकला हे शिकले होते, परीक्षेत लिहिलं पण होतं. चकचकीत धातू कितीही गरम असला तरी किरण फार कमी सोडतो. याला उत्सर्जकता म्हणतात. माती, पानं, काँक्रीट, रंग यांची उत्सर्जकता ०.९ च्या वर असते, म्हणजे ते आपलं तापमान जवळजवळ खरं सांगतात. नवा कोरा जस्ताचा पत्रा ०.२-०.३ च्या आसपास. तो तीन-चतुर्थांश गोष्ट लपवतो आणि वरून आरशासारखा समोरच्याचं प्रतिबिंब दाखवतो. खालून गन मारली तेव्हा तिला थोडा पत्रा आणि बरीचशी शेडमधली जमीन, मशिनं दिसली. वरून उपग्रहाला त्याच पत्र्यात निरभ्र आकाश दिसतं, आणि या किरणांमध्ये निरभ्र आकाश एकदम थंड असतं. म्हणून निळं.

हे घरी करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. स्टीलच्या चकचकीत पातेल्यात उकळतं पाणी घ्या, बाहेरून एका जागी काळी चिकटपट्टी लावा आणि गन दोन्हीकडे मारा. पातेल्यावरचा आकडा बघून वाटेल पाणी कोमट आहे. हात मात्र लावू नका!

मग मी परत नकाशाकडे गेले आणि मोबाईलवर साध्या उपग्रह फोटोत एकेक शेड उघडून बघितली. ज्या शेड्स लाल होत्या तिथे गंजलेले जुने पत्रे, सिमेंटचे पत्रे किंवा रंगीत कोटिंगवाले पत्रे. ज्या निळ्या होत्या तिथे नवे चकचकीत. गंज आणि रंग किरण नीट सोडतात, त्यामुळे ते खरं बोलतात. म्हणजे इतके दिवस मी तापमानाचा नकाशा समजून पत्र्यांच्या प्रकारांचा नकाशा बघत होते.

तुम्ही म्हणाल, लँडसॅटवाल्यांना हे माहीत नसेल का? माहीत आहे. ते प्रत्येक जागेची उत्सर्जकता धरूनच तापमान काढतात. पण ती उत्सर्जकता येते अॅस्टर नावाच्या दुसऱ्या कॅमेऱ्याच्या २००० ते २००८ च्या नोंदींतून. हिरवळीतला बदल त्यात जमेला धरतात, पत्रा नाही. २००७ मध्ये जिथे मोकळा प्लॉट होता आणि आज शेड आहे, तिथे सॉफ्टवेअर अजून माती धरून चाललंय. पप्पांच्या लाईनचे पत्रे चार-पाच वर्षांपूर्वी बदलले. ते बिचाऱ्या कोडला कोण सांगणार? शिवाय थर्मल पिक्सेल मुळात १०० मीटरचा असतो, आपल्याला मिळताना तो ३० मीटरचे चौकोन पाडून मिळतो. बारीक दिसतं म्हणून बारीक मोजलंय असं नाही. आणि लँडसॅट आपल्यावरून जातो सकाळी अकराच्या सुमाराला. दुपारी अडीचची शेड त्याने कधी बघितलेलीच नाही. वेगवेगळ्या वेळी मोजणारं एक यंत्र आहे, इकोस्ट्रेस, २०१८ पासून अंतराळ स्थानकावर बसवलेलं. पिक्सेल साधारण ७० मीटरचा. पण चकचकीत पत्र्यापुढे त्याचीही अडचण होतेच.

सगळ्यात गंमत, किंवा खरं तर भीतीची गोष्ट, पुढे आहे. समजा आम्ही पप्पांच्या शेडला पांढरा रंग दिला. पत्रा खरोखर थंड होईल. पण रंगामुळे तो आता खरं बोलायला लागेल. म्हणजे पुढच्या एप्रिलच्या नकाशात ती शेड आधीपेक्षा जास्त तापलेली दिसू शकते! कोणी नुसता आधीचा-नंतरचा नकाशा शेजारी ठेवून "रंग दिला आणि उष्णता वाढली" असं पीपीटीमध्ये टाकलं, तर खोलीत बसलेल्या कोणालाही शंका येणार नाही. आज शहरांचे उष्णतेचे आराखडे करताना असेच नकाशे समोर ठेवले जातात, म्हणून हे मला महत्त्वाचं वाटतं. पत्र्याखाली काम करणारा माणूस त्या बैठकीत नसतो.

म्हणून उपग्रह टाकून द्यायचा का? अजिबात नाही. पीक, पाणी, झाडं यांच्या बाबतीत तो फार प्रामाणिक आहे. आमच्याच तालुक्यातलं हिवरे बाजार घ्या. जेमतेम पाऊस, पण पाणलोटाची कामं, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय, यामुळे तिथल्या टेकड्या पावसाळ्यानंतर कशा हिरव्या राहतात ते सेंटिनेलच्या फोटोत कोणीही बघू शकतं. हिरवं पान लाल रंग शोषून घेतं आणि जवळचे अवरक्त किरण परत फेकतं, त्या दोन आकड्यांच्या फरकावरून हिरवळ मोजतात. तिथे पत्र्यासारखी फसवणूक नाही. अडचण फक्त पावसाळ्यात ढगांची, त्यासाठी रडार आहे. भारत-अमेरिकेचा निसार ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, त्याचं रडार ढगांतून आरपार बघतं. त्यावर स्वतंत्र भाग करू.

आमच्या यादीचं काय झालं ते सांगते आणि थांबते. तापमानाचा थर मी यादीतून काढून टाकला. उपग्रहाच्या फोटोवरून फक्त एवढं ठरवलं की कुठे छत मोठं आहे आणि शंभर मीटरच्या आत एकही झाड नाही. त्यातून निघालेल्या तेवीस शेड्समध्ये आम्ही चार जण दुपारी दोन ते चार फिरलो, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर साधा थर्मामीटर टांगून अर्धा तास ठेवला, पत्र्याला काळी पट्टी लावून गन मारली, आणि आत किती माणसं किती तास असतात ते विचारून लिहून घेतलं. तीन ठिकाणी मालकांनी आत येऊ दिलं नाही, ती सुटली.

पप्पांची शेड सातव्या नंबरवर आली. रंग मेच्या दुसऱ्या आठवड्यात दिला. त्या काळ्या पट्टीचा तुकडा अजून आत चिकटलेला आहे, आणि हल्ली दुपारी पप्पांचा व्हॉट्सअॅप येतो: नुसता आकडा. काल ४९ होता.