सारा आणि हाजरा

ईश्वराची मूर्ती घडवू नका, असा ज्या धर्माचा आदेश आहे, त्या धर्मात पवित्र चित्र काढायचे तरी कसे? हा प्रश्न ज्यूंचा, तसाच आम्हा मुसलमानांचाही. म्हणून चित्रकार सिओना बेंजामिन यांची चित्रे मला परकी वाटत नाहीत.

सिओना बेने इस्रायल समाजाच्या. कोकणातले हे मराठी बोलणारे ज्यू शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे. १८७४ साली पुण्यात त्यांची वल्हांडण सणाची हिब्रू-मराठी पोथी, 'हगादा', छापली गेली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. देव कुठेच रेखाटलेला नाही. त्याच्यासाठी राबणारे हात मात्र आहेत.

ज्यू परंपरेत ईश्वराच्या सान्निध्याला 'शेखिना' म्हणतात. हिब्रूत हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि गूढवादी साधकांनी शेखिनेला स्त्रीरूपातच पाहिले. शुक्रवारी तिन्हीसांजेला घरातली बाई दिवे लावते आणि शब्बाथचे स्वागत नवरीसारखे होते. कुराणातला 'सकीना' हा शब्द याच कुळातला. ईश्वराने मनात उतरवलेली शांती, असा त्याचा अर्थ. आमच्या घरांत कितीतरी मुलींचे नाव सकीना असते.

सिओना मुंबईत जन्मल्या, वाढल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्या. बायबलमधल्या स्त्रियांच्या चित्रमालिकेला त्यांनी 'फेरेश्ते' हे नाव दिले. म्हणजे आपला फरिश्ता, देवदूत. चित्रांत मोगल लघुचित्रांची नाजूक रेघ आहे, सोनेरी वर्ख आहे. स्त्रियांची कांती मात्र निळी. आभाळाचा आणि समुद्राचा हा रंग कुठल्या एका देशाचा नसतो.

त्यातले एक चित्र सारा आणि हाजरा यांचे. बायबलमध्ये साराच्या सांगण्यावरून हाजरेला लेकरासह वाळवंटात घालवून दिले जाते. साराचा वंश तो ज्यूंचा; हाजरेचा इस्माईल आमचा पूर्वज. तहानलेल्या बाळासाठी हाजरा पाणी शोधत धावली. तिच्या आठवणीत हाजी आजही सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतात. सिओनांच्या चित्रात या दोघी एकमेकींच्या मिठीत आहेत.

माळशेजच्या वाटेवरच्या वैशाखऱ्यातून मी हे का सांगतो? आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात वारली लग्नाचा चौक सवाशिणीच तांदळाच्या पिठाने लिहीत आल्या. त्याशिवाय लग्न लागत नसे. बाईच्या हाताने भिंत पवित्र होते, हे इथे कुणाला पटवून द्यावे लागत नाही.

दोन आयांनी एकमेकींना जवळ घेतले. लेकरांनी आता कसे वागायचे, हे चित्र सांगत नाही. ते लेकरांनाच ठरवायचे आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)