एक अक्षर, एक अणू आणि सहा लाखांची बाटली

२०२१ साली महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर कधी ना कधी एका तान्ह्या बाळाचा फोटो येऊन गेला. नाकात नळी, टपोरे डोळे, आणि खाली आवाहन: या बाळाला सोळा कोटींचं इंजेक्शन हवं आहे. कुणी शंभर रुपये पाठवले, कुणी पाच हजार. परदेशातून येणाऱ्या त्या एका डोसवरचे सुमारे सहा कोटींचे कर केंद्र सरकारनं काही बाळांसाठी माफ केले. काहींची रक्कम वेळेत जमली, काहींची नाही.

बाळाचा आजार काय आहे, हे त्या आवाहनात एका ओळीत असायचं: स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजे एसएमए. त्या ओळीच्या मागे जीवशास्त्रातली जी गोष्ट आहे, ती मला कळली तेव्हा मी थक्क झालो. आणि औषधाच्या किमतीची गोष्ट कळली, तेव्हा त्याहून जास्त.

आपल्या पाचव्या गुणसूत्रावर एसएमएन-१ नावाचं जनुक असतं. ते जे प्रथिन बनवतं, त्यावर मज्जारज्जूतल्या चेतापेशी जगतात. स्नायूंना ‘हल’ म्हणून सांगणाऱ्या याच त्या पेशी. आई आणि वडील दोघांकडून हे जनुक बिघडलेलं आलं, तर या पेशी एकेक करून मरतात. जगात साधारण दहा हजार जन्मांमागे एका बाळाच्या वाट्याला हे येतं. आईवडील मात्र ठणठणीत असतात, कारण प्रत्येकाकडे एक चांगली प्रत असते; आपण वाहक आहोत याची त्यांना कल्पनाही नसते. बाळाची बुद्धी शाबूत असते. ते ओळखतं, हसतं, नजरेनं बोलतं. पण मान धरत नाही, पालथं पडत नाही, आणि आजार तीव्र प्रकारचा असेल तर पुढे श्वासाचे स्नायूही थकतात. उपचार मिळाले नाहीत, तर अशी बहुतेक बाळं व्हेंटिलेटरशिवाय दोन वर्षांची होत नाहीत.

व्हिएन्नाच्या गीडो व्हेर्डनिगनं १८९१ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. जनुक सापडायला मात्र १९९५ उजाडलं. पॅरिसमध्ये ज्युडिथ मेल्की यांच्या गटानं ते शोधलं. आणि त्याच्याच शेजारी त्यांना दुसरं एक जनुक दिसलं, जवळजवळ हुबेहूब. ते एसएमएन-२.

म्हणजे ज्या बाळाकडे मूळ जनुक नाही, त्याच्याही प्रत्येक पेशीत त्याचा जोडीदार हजर असतो. ही दुसरी तऱ्हा चिंपांझीकडेसुद्धा नाही, ती फक्त माणसात आहे. मग बाळ आजारी का पडतं? कारण या दुसऱ्या जनुकाच्या सातव्या भागात डीएनएचं एक अक्षर वेगळं आहे. जिथे ‘सी’ हवा तिथे ‘टी’ आहे. गंमत अशी की या बदलानं प्रथिनाचा मजकूर जराही बदलत नाही. बदलते ती फक्त जोडणी. पेशी जनुकाची नक्कल काढते, मधले अनावश्यक तुकडे कापून टाकते आणि उरलेले क्रमानं जोडते. बाइंडरनं पुस्तक शिवताना नेमका एक फर्मा वगळावा, तसा इथे त्या एका अक्षरामुळे सातवा भाग बहुतेक वेळा गळून पडतो. अपुरं प्रथिन तयार होतं आणि लगेच मोडीत निघतं. पूर्ण प्रथिन बनतं, ते फार तर दहा टक्के. ज्या बाळाकडे एसएमएन-२च्या प्रती जास्त, त्याचा आजार सौम्य, याचं कारण हेच: दहा-दहा टक्क्यांची भर पडत जाते.

हे समजल्यावर औषधाची दिशा स्पष्ट झाली. कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेतले एड्रियन क्रेनर यांनी असा एक रेणू घडवायला मदत केली, जो नकलेवर ठरावीक जागी चिकटतो आणि सातवा भाग गळू देत नाही. हे नुसिनर्सेन, डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते पाठीच्या कण्यातून टोचावं लागतं, आयुष्यभर. २०१९ मध्ये जनुक-उपचार आला. हेच ते सोळा कोटींचं इंजेक्शन, झोल्गेन्स्मा. निरुपद्रवी विषाणूच्या पोटात जनुकाची चांगली प्रत भरून ती एकदाच शिरेतून सोडायची. बाजारात आलं तेव्हा अमेरिकेतली त्याची किंमत होती २१ लाख २५ हजार डॉलर. २०२० मध्ये कंपनीनं जगभरासाठी शंभर डोस मोफत ठेवले आणि कुणाला द्यायचे ते सोडत काढून ठरवलं. लेकराचा जीव सोडतीवर! ज्या आईवडिलांनी त्या सोडतीच्या निकालाची वाट पाहिली असेल, त्यांचे ते दिवस मला कल्पनेतही सोसवत नाहीत.

तिसरं औषध २०२० मध्ये आलं, आणि मला सगळ्यात मोठं नवल त्याचंच वाटतं. रिसडिप्लाम. ही चक्क पिण्याची पूड आहे. पाण्यात कालवायची आणि रोज एकदा सिरिंजनं तोंडात सोडायची. काम तेच: सातवा भाग गळू न देणं. इतका लहान रेणू पोटातून रक्तात जातो, रक्तातून मेंदू आणि मज्जारज्जूत शिरतो आणि हजारो जनुकांच्या नकलांमधून मुख्यतः ती एक जोडणी सुधारतो. माणसाच्या हातून असं काही घडू शकतं, याचा अभिमान वाटावा असं हे काम आहे.

या शोधात एक गोष्ट विसरता कामा नये. एसएमए झालेल्या एका मुलीच्या आईवडिलांनी २००३ साली न्यूयॉर्कमध्ये एक प्रतिष्ठान स्थापन केलं. त्यांनी पीटीसी नावाच्या लहान कंपनीला हाताशी धरून पैसा घातला, आणि रोश ही बलाढ्य कंपनी त्यात २०११ मध्ये आली. म्हणजे या औषधाच्या पहिल्या पायऱ्या पालकांच्या पैशानं चढल्या गेल्या.

भारतात रोशच्या ६० मिलिग्रॅमच्या एका बाटलीची किंमत होती सुमारे ६ लाख २० हजार रुपये. डोस वजनावर ठरतो. वीस किलोंच्या पुढच्या रुग्णाला रोज ५ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे बाटली बारा दिवसांत संपते. वर्षाला तीस बाटल्या. सवलती बाजूला ठेवल्या तर वर्षाचा खर्च जवळपास १ कोटी ८६ लाख, आणि तोही दरवर्षी. वीस किलोंपर्यंत मूल वाढतं तसा खर्च वाढतो. लेकराचं वजन वाढल्याचा आनंद ज्या घरात निखळ होऊ शकत नाही, त्या घराचं दुःख मी शब्दांत मांडू शकत नाही.

किंमत इतकी का? पूड बनवायला तेवढा खर्च येतो म्हणून नाही. किंमत येते पेटंटमधून, आणि हे पेटंट भारतात मे २०३५ पर्यंतचं. हैदराबादच्या नॅटको कंपनीनं तेच औषध बनवायची तयारी केली तेव्हा रोश दिल्ली उच्च न्यायालयात गेली. आणि तिथे रसायनशास्त्र उलगडलं. रोशच्या आधीच्या एका परदेशी पेटंटमध्ये याच घराण्यातले पुष्कळ रेणू नोंदवलेले होते. त्यातल्या एका रेणूत आणि रिसडिप्लाममध्ये फरक एवढाच की एका जागी कार्बन-हायड्रोजनच्या जोडीऐवजी नायट्रोजन आहे. असा बदल करता येतो हे रसायनशास्त्राला १९२५ पासून ठाऊक आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ग्रिम यांच्या नावानं तो नियम ओळखला जातो.

आजाराच्या मुळाशी एका अक्षराचा फरक आणि खटल्याच्या मुळाशी एका अणूचा. मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं नॅटकोला मनाई करायला नकार दिला. ९ ऑक्टोबरला खंडपीठानंही तेच सांगितलं: जाणकाराला आधीच्या पेटंटवरून हा बदल सुचण्याजोगा आहे, त्यामुळे नव्या पेटंटचा पायाच कच्चा दिसतो. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही हस्तक्षेप केला नाही. हा अंतरिम टप्प्यावरचा निर्णय आहे, पण औषध बाजारात आलं. नॅटकोच्या बाटलीवरची किंमत: १५,९०० रुपये.

सहा लाख वीस हजार, आणि पंधरा हजार नऊशे. रेणू तोच.

शोध लावणाऱ्याला मोबदला मिळायलाच हवा, हे मला मान्य आहे. फसलेल्या शेकडो प्रयोगांचा खर्च यशस्वी औषधातूनच निघतो. पण मक्तेदारी खऱ्या शोधासाठी द्यायची, की आधीच्याच शोधात जरा बदल करून तिची मुदत लांबवायला द्यायची, हे ठरवणं कायद्याच्या हातात आहे, आणि आपला कायदा याबाबत जागा राहिला आहे. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननं रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेकच्या पेटंटला विरोध केला होता; १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते पेटंट नाकारलं. त्याच्या आदल्या वर्षी पेटंट नियंत्रकांनी मुंबईत बसून नेक्साव्हर या औषधाचा सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना ते बनवायची मुभा, नॅटकोलाच दिली आणि महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आणला. हे निर्णय परदेशी कंपन्यांना रुचले नाहीत. ज्यांच्या घरात रुग्ण आहे, त्यांना विचारा.

आता सरकारी मदतीचा हिशेब मांडून पाहू. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळते. जुन्या किमतीत त्यात आठ बाटल्या यायच्या. मोठ्या रुग्णाला तीन महिने पुरतील इतक्या. नव्या किमतीत त्याच पैशात दहा वर्षांहून जास्त औषध येतं. तरीही वर्षाला पावणेपाच लाख शिक्षकाच्या, रिक्षावाल्याच्या, शेतकऱ्याच्या घराला झेपणारे नाहीत. सरकारनं एकत्रित खरेदी केली तर हा आकडा आणखी खाली येऊ शकतो, आणि ती मागणी आपण लावून धरायला हवी.

एक गोष्ट मात्र कुठल्याही न्यायालयाच्या हातात नाही. मेलेली चेतापेशी परत येत नाही. औषध उरलेल्या पेशी वाचवतं, म्हणून लक्षणं दिसण्याआधी किंवा दिसताक्षणी उपचार सुरू झाले तर फरक सर्वांत मोठा पडतो. तुमच्या घरात किंवा शेजारी एखादं बाळ लुळं वाटत असेल, चार महिन्यांचं होऊनही मान धरत नसेल, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊन पोट फुगत असेल, रडणं क्षीण असेल, तर ‘आमच्याकडे मुलं उशिराच चालतात’ म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना एसएमएन-१ची तपासणी करायला सांगा. ती रक्ताची साधी चाचणी आहे. घराण्यात हा आजार झालेला असेल, तर मूल होऊ देण्याआधी नवराबायको दोघांची वाहक-तपासणी करून घ्या. आणि निदान झालंच, तर मुंबईचं केईएम रुग्णालय दुर्मीळ आजारांच्या धोरणाखालच्या केंद्रांपैकी एक आहे. मदतीचा अर्ज तिथूनच सुरू होतो.