खिडकीतले डोळे

स्वारगेटहून साताऱ्याकडे जाणाऱ्या एसटीत मी खिडकीची जागा आपणहून दुसऱ्याला देते. माझं माहेर सारोळ्याचं. भोर तालुक्याच्या कडेचं, नीरेच्या अलीकडचं गाव. पूल ओलांडला की शिरवळ आणि सातारा जिल्हा. दर भाऊबीजेला हा रस्ता होतो आणि गेली तीसेक वर्षं मी बाहेर फारसं बघतच नाही. खिडकीशी बसलेल्याचे डोळे बघते.

बाहेर टक लावून बसलेल्या माणसाची बुबुळं सावकाश मागे सरकतात, मग एकदम पुढे उडी घेतात, पुन्हा सरकतात, पुन्हा उडी. खुद्द त्या माणसाला याचा पत्ता नसतो. गेल्या वर्षी शेजारी पाच-सहा वर्षांचा मुलगा होता. विचारलं, "काय दिसतंय रे?"

"झाडं पळतायत."

"आणि तुझे डोळे?"

"ते इथंच आहेत की!"

त्याचे डोळे एक झाड पकडून त्याच्याबरोबर मागे जात होते. झाड हातचं सुटलं की झेप घेऊन पुढचं पकडत होते. मी या दोन चालींना 'सरक' आणि 'झेप' म्हणते. दोन्ही मिळून जे होतं त्याला डॉक्टर 'ऑप्टोकायनेटिक निस्टॅग्मस' म्हणतात. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने 1820च्या दशकात घोडदळाचं संचलन बघणाऱ्यांच्या डोळ्यांत हेच टिपलं होतं. आगगाड्या आल्यावर या हालचालीला रेल्वेचंही नाव चिकटलं. तान्ह्या बाळाला दिसतं का, हे त्याला विचारता येत नाही. मग त्याच्यापुढे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा ढोल फिरवतात. डोळे सरकून झेपावले, की बाळाला पट्टे दिसताहेत. या तपासणीचं मला आजही अप्रूप वाटतं.

सरकेला वेगाची मर्यादा आहे. सेकंदाला तीसेक अंशांपर्यंत ती आरामात जमते, शंभराच्या आसपास तिची दमछाक होते. आता हिशोब करा. एसटी ताशी 60 किलोमीटरने चालली असेल, तर 30 मीटरवरचं आंब्याचं झाड समोरून जाताना सेकंदाला सुमारे 32 अंश सरकतं, म्हणून ते स्वच्छ दिसतं. तीन मीटरवरचा खांब तीनशेच्या वर जातो आणि त्याची नुसती रेघ उरते. कापूरहोळच्या आसपास डाव्या हाताला लांबवर पुरंदर असतो, तो जागचा हलत नाही. चांदोबा तर लहान मुलांबरोबर गावापर्यंत येतो!

झेप मात्र सेकंदाला पाचशे अंशांवरही जाते आणि तेवढ्या वेळात मेंदू दिसणं दाबून टाकतो. आरशात स्वतःच्या एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे नजर न्या. डोळा हललेला कधीच दिसणार नाही. शेजारी उभ्या असलेल्याला दिसेल. दुसरा प्रयोग मला याहून आवडतो. रिकाम्या आभाळात नजर एकसारखी सरकवायचा प्रयत्न करा. जमणार नाही, ती टप्प्याटप्प्याने उड्याच मारेल. तिथे एक घार येऊ द्या, नजर लोण्यासारखी सरकेल. सरकायला डोळ्याला समोर काहीतरी चालतं लागतं.

शरीररचनेचं थोडक्यात सांगते. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू असतात. दृष्टिपटलाच्या मधल्या इवल्याशा खळग्यालाच बारीक तपशील दिसतो, म्हणून वस्तू तिथे धरून ठेवण्याचा सगळा खटाटोप. मेंदूच्या मागच्या भागात गती ओळखणारा एक खास प्रदेश आहे, आणि डोळ्यांच्या हालचालींचा नेमकेपणा लहान मेंदू सांभाळतो.

तो गतीचा प्रदेश बिघडला तर काय होतं? योसेफ त्सील आणि सहकाऱ्यांनी 1983 साली 'एल. एम.' या बाईची हकिगत प्रसिद्ध केली. तिला रंग दिसत, वस्तू ओळखू येत, पण हालचाल दिसत नसे. कपात चहा ओतताना धार गोठल्यासारखी वाटे, त्यामुळे कप भरत आल्याचं कळत नसे. रस्त्यावरची गाडी आत्ता लांब असे आणि पुढच्या क्षणी अंगावर. सारोळ्याला महामार्गाशी उभी राहिले की मला हटकून ही बाई आठवते. ट्रक किती लांब आहे, यापेक्षा तो किती वेगाने येतोय हे आपल्याला वाचवतं.

उलटंही आहे. अतिसंथ गती कुणालाच दिसत नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रफितीवर थोडी थोडी टिपली आणि अनेक दिवसांचं वाढणं काही क्षणांत पडद्यावर हलवून दाखवलं. चित्रपटांचा अभ्यास करताना याच माणसाची दृष्टी काही काळ गेली होती. मला 'राजा हरिश्चंद्र'पेक्षा ते वाटाण्याचं रोप मोठं वाटतं.

क्रिकेटवाल्यांसाठी एवढंच: ताशी 140 किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत येतो, आणि डोळ्याची एक झेप सुरू व्हायलाच सुमारे 0.2 सेकंद लागतात. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड यांनी 2000 साली फलंदाजांच्या डोक्यावर कॅमेरा बांधून पाहिलं. डोळे चेंडूचा सतत पाठलाग करत नव्हते. सुटलेला चेंडू बघून ते थेट टप्प्याच्या जागी जाऊन थांबत होते. मुरलेल्या फलंदाजाची झेप लवकर जात होती. चेंडू पोचण्याआधी नजर तिथे हजर!

राखीपौर्णिमेला गेले तेव्हा नीरा भरून वाहत होती. भाच्याला घेऊन काठापासून बेताने लांब उभी राहिले. म्हटलं, "पाण्यात एकाच जागी अर्धा मिनिट बघ. आता या खडकाकडे बघ."

"आत्या, खडक चाललाय!"

"कुठे?"

"वर. भोरकडे."

स्कॉटलंडमध्ये एका धबधब्यापाशी रॉबर्ट अ‍ॅडम्स याने 1834 साली हेच लिहून ठेवलं. एका दिशेची गती टिपणाऱ्या पेशी पाणी बघून बघून मंदावतात आणि उलट दिशेच्या पेशींचं पारडं जड होतं. हे मी भाच्याला सांगायला लागले होते, पण तो थांबला नाही. खडकापाशी गेला, त्यावर दोन्ही हात दाबून उभा राहिला.

"हलत नाहीये," म्हणाला, आणि माझ्याशेजारी येऊन पुन्हा पाण्याकडे बघू लागला.