संकल्पाला किती तारखा द्यायच्या?

आम्ही वकील मंडळी तारखा घेण्यात पटाईत. पण सर्वांत जास्त तारखा आम्ही घेतल्या त्या स्वतःच्या प्रकृतीच्या प्रकरणात! एक जानेवारीपासून पहाटे पाचला धावायचे, साखर बंद, तेलकट बंद, भात बंद, असा ठराव आम्ही दरसाल एकमताने मंजूर करतो. पंधरा दिवसांत पाय दुखतात, रात्रीची बैठक लांबते आणि ठराव दप्तरी दाखल होतो. चाळिशीनंतर तपासणीत रक्तातील साखर वाढलेली निघाली, तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले.

चूक कोठे होते? पक्षकाराला आम्ही बजावतो, 'सिद्ध करता येईल तेवढेच मागा.' स्वतःच्या बाबतीत मात्र मागणी अवाच्या सवा! 'वीस किलो वजन घटवीन' ही नुसती इच्छा झाली. 'रात्री जेवल्यावर वीस मिनिटे चालेन' हे उद्दिष्ट आहे. ते पाळले की नाही, याचा पुरावा त्याच रात्री मिळतो.

कार्यकर्त्याचा दिवस चहावर निघतो. आठ कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ६४ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ च्याही आत हवी. मग चहा सोडायचा का? मुळीच नाही. पहिल्या महिन्यात कपामागे एक चमचा कमी करा, ३२ ग्रॅम झाले. पुढे आठाचे पाच कप करा, २० वर आलात!

व्यायामाचेही तसेच. याच संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम सुचवला. म्हणजे पाच दिवस अर्धा तास, तोही तुकड्यातुकड्याने चालतो. एक थांबा अलीकडे उतरावे, कोर्टाचा जिना चढावा. त्यासाठी ना जिमची फी लागते, ना महागडे बूट.

मात्र सर्वांना एकच माप लावता येणार नाही. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या भगिनीला 'व्यायाम करा' म्हणणे ही तिची थट्टाच होय. तिचे उद्दिष्ट वेळेवर जेवण, ताटात स्वतःच्या वाट्याची डाळ, भाजी, अंडे आणि पुरेशी झोप हे असावे. आणि आम्ही पुरुषांनी आपल्या पथ्यासाठी घरातील बाईला दुसरी चूल पेटवायला लावू नये. जे पथ्य दुसऱ्याच्या कष्टावर चालते, ते टिकत नाही.

संयुत्त निकायातील द्रोणपाक सुत्तात कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात खाऊन धापा टाकत भगवंतांकडे येतो. मिताहाराची गाथा ऐकल्यावर तो उपास धरीत नाही. जेवताना ती गाथा म्हणून आठवण करून देण्याचे काम तो सुदस्सन नावाच्या तरुणाला देतो आणि क्रमाक्रमाने नाळीभर भातावर येतो. राजालाही क्रमाने जावे लागले, आठवण देणारा सोबती लागला. आम्हाला का लागू नये? शेजारच्या दोघांनी मिळून चालायला जावे, एकाने आळस केला तर दुसऱ्याने दार ठोठवावे.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. एखादा दिवस चुकला म्हणून प्रकरण निकाली काढू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहावे.

बाकीच्यांनी आजच्या चहातला एक चमचा कमी करावा. याला पुढची तारीख मिळणार नाही.