फुलांच्या पाळ्या

एका फुलातील पराग दुसऱ्या फुलाच्या स्त्रीकेसरापर्यंत पोचणे, याला परागीभवन म्हणतात. ही हमाली मधमाशी, भुंगा, पतंग असे कीटक करतात आणि तिची मजुरी मकरंद व पराग यांच्या रूपाने जागेवरच वसूल करतात. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीच्या भट्टीपुढे राबणारे पुष्कळ कामगार आसपासच्या गावांतले. त्यांच्या पगाराला परसातल्या भाजीचा टेकू असतो. वेलाची कोवळी फळे पिवळी पडून गळू लागली की घरखर्चाला झळ लागते. म्हणून कोणत्या झाडावर कोणता मजूर येतो, हे जाणणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पूर्वी झाडाचे नाव शोधायचे तर जाडजूड इंग्रजी ग्रंथ उघडावा लागे. आता खिशातला मोबाइल पुरतो. २००८ साली निघालेल्या आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या ठिकाणी कोणीही छायाचित्र पाठवावे, जाणकार नाव सांगतात. मात्र एका चित्राने भागत नाही. फूल समोरून व बाजूने, पानांची मांडणी, खोड, फळ अशी चार-पाच चित्रे घ्यावीत. लाल भोपळ्याच्या मादीफुलाखाली इवलासा भोपळा असतो, नरफुलाखाली नुसता देठ. हा भेद बाजूनेच दिसतो.

तरीही छायाचित्र हा एक साक्षीदार झाला, आणि एकट्या साक्षीवर आम्ही कोणतीही तक्रार लढवीत नाही. फुलावर कीटक बसलेला दिसला, एवढ्याने त्याने काम केले असे ठरत नाही. वांग्याचे पाहा. त्याच्या परागकोशांना टोकाशी बारीक छिद्रे असतात. भुंगा फूल घट्ट धरून अंग थरथरवितो, तेव्हा चाळणीतून वाळू पडावी तसा पराग झडतो. मधमाशीला ही थरथर साधत नाही. मोल्डरचे काम टर्नरकडून होत नाही, तसेच हे. शिवाय जिथे गर्दी तिथे हितच, असेही नाही. घाणेरीवर फुलपाखरांची झुंबड उडते. पण ही परदेशी झुडपे माजली की बाकीच्या रानाला जागा उरत नाही.

चित्रावरून आणखी एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे वेळ. फुलांनाही पाळ्या असतात! लाल भोपळा पहाटे उमलतो आणि दुपार होण्यापूर्वी मिटतो. दोडका उन्हे कलल्यावर उमलतो. दुधीची पांढरी फुले रात्रभर उघडी असतात आणि त्यांच्यावर पतंग येतात. दिवसा काढलेल्या चित्रात हा रात्रपाळीचा कामगार कसा सापडावा?

येथे आमच्या कामगारबंधूंची सोय पंडितांहून अधिक आहे. रात्रपाळी उरकून येणारा भोपळ्याची फुले पाहील, पहिल्या पाळीचा सायंकाळी दोडका पाहील, रात्रपाळीला निघणारा दुधीपाशी क्षणभर थांबेल. नाव मोबाइलवरून घ्यावे; फूल कोणते, कीटक कोणता, वाजले किती, हे वहीत टिपावे. तिघांच्या वह्या एकत्र केल्या की औषध कधी फवारू नये, हेही उमगेल: भोपळ्यावर सकाळी नको, दोडक्यावर सायंकाळी नको. फूल उघडे असताना मारलेले औषध किडीबरोबर आपल्या मजुरालाही मारते. येत्या पावसाळ्यात वेल मांडवावर चढतील, तेव्हा ही वही जवळ असावी.