सोनोग्राफी : तंत्राचा प्रसार आणि कायद्याची मर्यादा

श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनींपासून शरीरांतर्गत अवयवांची प्रतिमा मिळविणे म्हणजे सोनोग्राफी होय. ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड व सहकाऱ्यांनी १९५८ साली यासंबंधीचा शोधनिबंध ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. क्ष-किरणांचा धोका नसल्यामुळे गर्भवतींच्या तपासणीत या पद्धतीचा झपाट्याने प्रसार झाला. भारतात मात्र गर्भजलपरीक्षेपाठोपाठ तिचाही वापर गर्भलिंगनिदानासाठी होऊ लागला. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. १९९४ मध्ये केंद्रीय कायदा संमत झाला. तरीही राज्यात ०-६ वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण १९९१ मधील ९४६ वरून २०११ मध्ये ८९४ पर्यंत घसरले. यंत्राची नोंदणी कायद्याने होते. मुलगी नकोशी मानणारी मानसिकता मात्र यंत्राहून जुनी आहे. तिचे परिवर्तन हे शिक्षणाचे कार्य होय.